किं नरः? हा माणूस आहे काय?



श्रोतेहो, कारंजा तालुक्यातल्या धनजला हरिपाठ आटोपला, तेव्हा एक म्हातारे माळकरी पुढे येऊन म्हणाले, “महाराज, नातू अजिंठ्याची सहल करून आला. म्हणतो, तिथं भिंतीवर अर्धा माणूस अन् अर्धा पक्षी काढला हाय. हे आपल्या शास्त्रात बसते का हो?” त्या रात्री जे उत्तर दिले, तेच येथे थोडक्यात लिहितो.

बसते. तो किन्नर. अमरकोशात त्याला किंपुरुष म्हटले आहे, तुरंगवदन म्हणजे घोड्याच्या तोंडाचाही म्हटले आहे. आपल्याकडे अंग माणसाचे नि मुख घोड्याचे. बौद्धांच्या चित्रांत वर माणूस आणि खाली पक्षी. रूप निराळे, पण सेवा एकच, ती गायनाची! आणि अजिंठा तरी आपल्याला परका कुठे? तेथले सोळावे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वराहदेवाने दान दिले. तो वाकाटक राजा हरिषेणाचा प्रधान, आणि त्या राजाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या मागच्या डोंगरात हे किन्नर गातवाजवीत बसले आहेत.

आता नावाचा अर्थ पाहा. किम् म्हणजे काय? नर म्हणजे माणूस. ‘हा माणूस आहे काय?’ असा प्रश्नच त्याचे नाव होऊन बसला. हा प्रश्न किन्नराला विचारणे सोपे आहे. स्वतःला विचारून पाहावा.

जातकांत भल्लाटिय राजाची कथा आहे. काशीचा हा राजा शिकारीला हिमालयात गेला. तिथे एक किन्नरजोडी एकमेकांना मिठी मारून रडत होती. राजाने कारण विचारले. किन्नरी म्हणाली, “एकदा मी फुले वेचीत राहिले, हे नदीपार गेले आणि पूर आला. ती एक रात्र दोघांनी दोन काठांवर काढली.” “किती दिवस झाले?” “६९७ वर्षे.” हजार वर्षांचे त्यांचे आयुष्य, आणि त्यात वाया गेलेली एक रात्र त्यांना विसरवेना! राजाने शिकार सोडली नि घरची वाट धरली. प्रसेनजित राजा आणि मल्लिका राणी यांचे भांडण झाले, तेव्हा बुद्धांनी ही कथा सांगितली असे जातकात आहे.

श्रोतेहो, इथे माझीच लाज सांगतो. त्या दिवशी मी धनजला निघालो तो घरी अबोला धरून. कारण काय, तर उपरणे धुतलेले नव्हते! चार दिवस एका छपराखाली राहून आम्ही दोन काठांवर होतो, आणि मधे पूर माझ्याच अहंकाराचा. बरे, किन्नरांच्या नदीचा पूर रात्रीत ओसरला. आपला आपण ओसरू देत नाही. कथा सांगता सांगता माझा कंठ दाटला. लोकांना वाटले, महाराज रंगात आले. रंग कसला! पक्ष्याच्या पायाचा तो किन्नर मला माणूस दिसत होता, आणि व्यासपीठावरचा मी ‘किं नरः’ झालो होतो. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचताच आधी क्षमा मागितली, मग पाणी घेतले.

देवाच्या बाबतीत तरी वेगळे काय? पंढरीत माणसाच्या अंगाचा, पंखांचा गरुड हात जोडून उभा आहे. आपण गरुडखांबाला मिठी मारतो, दर्शन घेतो, आणि एस. टी.त बसताच जागेवरून हमरीतुमरीवर येतो. एका रात्रीचा विरह ज्याला सातशे वर्षे सलतो, त्याचे प्रेम खरे. नामावाचून गेलेला आपला एक तरी दिवस आपल्याला सलतो काय?

तेव्हा मायबापहो, घरात अबोला असेल तर आजच्या दिवेलागणीच्या आत मोडा. भाऊ भावाशी बोलत नसेल, तर यंदाच्या वारीला निघण्याआधी त्याच्या ओसरीवर जा. मग टाळ हाती घ्या. किन्नर निम्मे माणूस असून गाऊन तरले. आपल्याला तर सगळा देह माणसाचा दिला आहे.

रामकृष्ण हरी.