दोन मीटर

सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की मी फाटकाशी हजर. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, इलेक्ट्रॉनिक. सहा प्रकार, एकाला दुसऱ्याचा विटाळ नाही. पुण्याचे पाहुणे आले की मुद्दाम दाखवतो. 2017 पासून स्वच्छतेत इंदूर पहिलं, आणि त्यात राजेंद्र नगरातल्या या एका घराचाही हात आहे, अशी आमची ऐट.

गेल्या आठवड्यात बसून जमाखर्च मांडला. जन्मभर खातेवह्याच लिहिल्या, दुसरं काही येत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कचरा तोलला: दिवसाला अर्धा किलो, महिन्याचा पंधरा. मग विजेची बिलं काढली. 138 युनिट आणि 143 युनिट, बेरीज 281. कोळशावरच्या एका युनिटाला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो, आणि देशातली जवळजवळ पाऊण वीज कोळशाचीच. म्हणजे माझ्या नावावर महिन्याला सव्वाशे ते दीडशे किलो. आपल्या कोळशात राख भरपूर, तिसरा हिस्सा तरी धरा. चाळीस-पन्नास किलो. सिमेंटची एक गोणीच म्हणा. नळाला येणारी नर्मदा जलूदहून पंपांनी विंध्याचा चढ चढून येते. ती वीज मी धरलेलीच नाही.

ही गोणी माझ्या फाटकाशी कधी आली नाही. खंडवा जिल्ह्यात संत सिंगाजींच्या नावाचं 2520 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे; निमाडच्या त्या निर्गुणी संताच्या नावानं आमचा एसी चालतो. धुरांड्याआधी बरीचशी राख अडवतात, त्यातली काही पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. उन्हाळ्यात अशी तळी सुकली की वारा राख उचलतो. जी अडत नाही ती सगळ्यांत बारीक, थेट फुप्फुसात जाणारी. गंधकाचा धूर धुण्याची यंत्रं बसवा, असा नियम 2015 सालीच झाला. मुदतीवर मुदत मिळत गेली आणि 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली.

माझी मावसबहीण विदर्भात अशाच एका केंद्राच्या गावी राहते. धुणं वाळत घालण्याआधी ती ओल्या फडक्यानं दोरी पुसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलो होतो. "ताई, किती ते सोवळं!" ती काही बोलली नाही, फडकं फक्त माझ्यापुढे धरलं. काळंकुट्ट. मी इंदूरच्या स्वच्छतेचं कौतुक सांगायला लागलो.

एका घराची दोन बिलं कशी, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. महिन्याला 150 युनिटांच्या आत राहिलं की पहिली 100 युनिटं 100 रुपयांत. म्हणून वरच्या खोलीचं मीटर सौभाग्यवतींच्या नावानं घेतलं, कागदावर वेगळं बिऱ्हाड. वर कुणी राहत नाही. तिथं एसी आहे आणि दुपारची माझी झोप.

2024 साली छतावरच्या सौर पॅनेलची योजना आली, 78 हजारांपर्यंत अनुदान. मुलगा म्हणाला, "बाबा, बसवून टाकू." मी पेन्सिल घेऊन त्याला पटवून दिलं की आपलं बिल इतकं कमी येतं, परवडत नाही. आकडेमोड बिनचूक होती. बिल कमी का येतं, ते मात्र त्या कागदावर नव्हतं.

हे लिहून चार दिवस झाले. दुसरं मीटर अजून काढलेलं नाही.