दोष कुणाचा, भार कुणाचा?



जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला. आपण मात्र वेगळे मूल दिसले की आजही तेच विचारतो. आई गरोदरपणी दारू घेत होती असे कळले, तर विचारतही नाही. थेट निवाडाच करतो.

१९७३ साली अमेरिकेतील सिएटलच्या डॉक्टरांनी अशा बाळांच्या आजाराला ‘फिटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिले. आईने घेतलेली दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते. बाळाचे कोवळे यकृत ती पचवू शकत नाही आणि मेंदू तर नऊही महिने घडत असतो. म्हणून गरोदरपणात थोडीशी चालते, अंगदुखीवर चालते, असे काही नसते.

झालेली इजा आयुष्यभर राहते. पुष्कळदा चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. मूल बोलके, मायाळू असते. पण काल शिकवलेले आज विसरते. पैशाचा हिशेब जमत नाही, पुढचा धोका कळत नाही, कुणीही त्याला फसवते. मुद्दाम करतो म्हणून आपण त्याला मारतो. पांगळा धावला नाही म्हणून आपण त्याला मारू का?

आणि आई? दिवस गेल्याचे सुरुवातीचे काही आठवडे अनेकींना कळतही नाही. कुठे नवऱ्याची बाटली, मारहाण आणि कष्ट एकाच घरात असतात. आईची काहीच जबाबदारी नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण अचूक निदानासाठी डॉक्टरांना तिचे खरे बोलणे लागते. जिथे बोटे दाखवली जातात, तिथे ती खरे कशी बोलेल? ती गप्प राहते आणि मुलावर ‘मठ्ठ’ असा शिक्का बसतो. आपल्या निंदेची किंमत ते लेकरू मोजते.

आपल्या तेरखेड्यात फटाक्यांची दारूही आहे. तिच्याजवळ ठिणगी जाऊ नये, ही काळजी आपण एकट्या कामगारावर सोडत नाही. मग पोटातल्या बाळाची काळजी एकट्या आईवर का सोडावी? घरात गरोदर बाई असेल तर नवऱ्यानेही बाटली दूर ठेवावी. तिला व्यसन जडले असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडणेही धोक्याचे असते.

अशा मुलाला एका वेळी एकच गोष्ट सांगावी, ती करून दाखवावी, रोजचा क्रम मोडू नये. बारुदाच्या आसपास त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. अंगणवाडीत व सरकारी शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला त्याच्या अडचणी सांगाव्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचे वेगळे नाव नाही. पण बौद्धिक दिव्यांगत्व आहे. त्या निकषात बसणाऱ्या मुलाला प्रमाणपत्र मिळू शकते.

आणि आपण? मिस्सेनंतर तासभर त्या मुलाला सांभाळावे, म्हणजे आईला श्वास घेता येईल. हे तिच्यावर उपकार नव्हेत. भार वाटून घेणे हे आपले देणे आहे. दोष कुणाचा, हे विचारून कुठल्याही मुलाचे भले झालेले नाही.