पासिंग प्लेस

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये कितीतरी रस्ते एकाच गाडीपुरते असतात. मधूनमधून थोडी रुंद जागा, तिथे पाटी: ‘पासिंग प्लेस’. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, त्यामुळे आपल्या माणसाची निम्मी धास्ती तिथेच जाते. समोरून गाडी आली आणि ही जागा डावीकडे असली, तर आत शिरून थांबायचं. उजवीकडे असली तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, म्हणजे समोरचा त्या जागेतून निघून जातो. कधी मागेही यावं लागतं. रिव्हर्सचा सराव घरूनच करून जावा. मागून कुणी घाईत असेल तर त्यालाही इथेच वाट द्यावी. आपण सुट्टीवर असतो, तो कदाचित पेशंटकडे निघालेला डॉक्टर असेल. फोटोसाठी मात्र इथे गाडी उभी करू नये, पुढच्या पार्किंगपर्यंत जावं.