शीळ की शील?

परवा भाच्याचा मोबाईलवर मेसेज आला. "मामा, ना. घ. देशपांड्यांचं 'शील' तुमच्याकडे आहे का? उपदेशाच्या कविता आहेत का त्यात?" पोरगं वाचणारं आहे, पण पुस्तकाचं नाव त्याने इंग्रजी अक्षरांत पाहिलं होतं आणि त्या अक्षरांत ळ नाही. 1954 साली आलेला तो संग्रह 'शीळ'. रानात घुमलेली ती शीळ, आणि एका अक्षरापायी तिचं सदाचरण होऊन बसलं! मला फार वाईट वाटलं. ना. घ. आमच्या मेहकरचे. त्यांच्या 'खूणगाठी' या संग्रहाला 1986 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो याच मेहकरच्या वकिलाला.

त्यांचं नावही तसंच अडकतं. नागोराव घनश्याम, म्हणून ना. घ. इंग्रजीत त्याचं 'एन. जी.' होतं. मग तो ग की घ, हे कुणी कसं ओळखावं? देशपांडे तर वऱ्हाडात गावोगाव.

चिनी नावांचं तर याहून अवघड आहे. लू शुन म्हणजे 1881 ते 1936 या काळातला, आधुनिक चिनी कथेचा पाया घालणारा लेखक. पण लू शुन नावाचा तिसऱ्या शतकातला एक सेनापतीही आहे. 222 साली त्याने ल्यू बेई या राजाच्या फौजेचा पराभव केला. चिनी लिपीत दोघांची अक्षरं वेगळी, आडनाव उच्चारतानाचा सूरही वेगळा. रोमन अक्षरांत मात्र दोघे एकच. सुरांच्या खुणा देता येतात, पण छापताना त्या बहुधा गळतात. शांग घराण्याचा शेवटचा जुलमी राजा चौ, आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी त्याला हरवून गादीवर आलेलं घराणंही चौच. हरलेला कोण नि जिंकलेला कोण, वाचणाऱ्याने काय समजावं? आपल्या देवनागरीतही ते सूर मावत नाहीत, हे कबूल केलं पाहिजे.

पण ळ मावतो. ण मावतो, ढ मावतो. चिनी माणसाची अडचण खरी आहे. आपली आपण ओढवून घेतलेली आहे. जळगाव जामोदचा ळ, बुलढाण्याचा ढ आणि ण आपल्या लिपीत जागच्या जागी असताना आपणच त्यांना घराबाहेर ठेवतो. लग्नपत्रिकेत, दुकानाच्या पाटीवर, पोरांच्या गप्पांत.

भाच्याला मी पुस्तक पाठवलं. तुम्हीही एक करा. घरातल्या पोरांच्या मोबाईलमध्ये आजच मराठी कीबोर्ड टाकून द्या, आणि पहिला शब्द 'शीळ' लिहायला सांगा.