घराला परवाना

मावशीचं आयुष्य फीनिक्समध्ये मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स म्हणून गेलं. मी त्याच परिसरातल्या एका शहराच्या नियोजन खात्यात काम करतो. व्यसन सोडलेली माणसं उपचारानंतर एकत्र राहतात, त्या ‘सोबर लिव्हिंग’ घरांवर राज्याचं नियंत्रण किती असावं, यावर आमचं काही केल्या एकमत होत नाही.

“ॲरिझोनात काय झालं, ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं,” मी म्हणालो. “नावाहो आणि इतर आदिवासी जमातींच्या माणसांना गाड्यांत बसवून फीनिक्सला आणलं. राहायला जागा दिली आणि त्यांच्या नावावर सरकारी आरोग्य योजनेकडून उपचारांची बिलं उकळली. उपचारांचा पत्ताच नाही. काही घरांत तर दारूही मिळत होती. दोन अब्ज डॉलरच्या वर पैसा गेला, असा राज्याच्या अधिकाऱ्यांचाच अंदाज. तरी परवाना नको म्हणतेस?”

“परवान्याचा कायदा 2018 मध्येच झाला होता, अरे.”

“अंमलबजावणी ढिली होती.”

“असेल. पण त्या लुटारूंना घर चालवायचंच नव्हतं, बिल लावायचं होतं. त्या योजनेत काही सेवांचे दरच ठरलेले नव्हते. आकडा मोठा लिहिला की रक्कमही मोठी मिळायची. तिजोरीचं दार उघडं टाकायचं आणि घराच्या जिन्याची रुंदी मोजत बसायचं, याला मी नियंत्रण म्हणत नाही.”

मग ती ‘ऑक्सफर्ड हाऊस’ नावाच्या घरांवर आली. ती तिथे येणार हे मला माहीत होतं, कारण तिच्या कितीतरी पेशंटांना तिने अशाच घरांचे पत्ते दिले होते. 1975 साली मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला उपचारानंतर तात्पुरतं राहण्याचं एक हाफवे हाऊस बंद पडत होतं. पॉल मोलॉय आणि त्याच्या सोबत्यांनी ते घर स्वतःच भाड्याने घेतलं. ना व्यवस्थापक, ना समुपदेशक. भाडं वाटून भरायचं, निर्णय मतदानाने घ्यायचा, पुन्हा नशा केली तर घर सोडायचं. राहण्याला मुदत नाही. आज अशी हजारो घरं आहेत.

“तिथे इन्स्पेक्टर गेला तर पहिला प्रश्न काय विचारेल? इथला प्रमुख कोण? ते म्हणतील, आम्ही सगळे. फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही! मग एकाला मॅनेजर नेमा, त्याचा पगार काढा, भाडं वाढवा. ज्या माणसाची गेली दहा वर्षं आई, बायको, पोलीस यांच्या पहाऱ्यात गेली, त्याला तिथे पहिल्यांदा कुणीतरी विजेचं बिल भरायची जबाबदारी देतं. तेच त्याचं औषध आहे, आणि तू तेच काढून घेणार.”

नियमांची मागणी नेहमी कळवळ्यापोटी येत नाही, हे मलाही दिसतं. वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स शहराने एका घरात नातं नसलेली पाचांहून अधिक माणसं राहू नयेत, या नियमावर बोट ठेवून एका ऑक्सफर्ड हाऊसला विरोध केला होता. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, भेदभावविरोधी गृहकायद्यातून या नियमाला सूट नाही. 1988 च्या दुरुस्तीपासून व्यसनातून सावरणाऱ्यांनाही त्या कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळेच फ्लोरिडाने 2015 मध्ये आडवळणाची वाट काढली. घरांना प्रमाणपत्राची सक्ती नाही. पण परवानाधारक उपचारकेंद्राने पेशंट पाठवायचा तो प्रमाणित घरीच. तिथे विम्याच्या पैशावर लघवीच्या तपासण्यांचा धंदा चालायचा, आणि माणूस पुन्हा घसरला की धंदा पुन्हा सुरू व्हायचा. ही वाट मला शहाणपणाची वाटते. मावशीलाही मान्य आहे: जिथे कुणीतरी रहिवाशावर कमावतं, तिथे खुशाल हिशेब तपासा.

“पण तुझ्या आवडत्या घराचं काय?” मी विचारलं. “कुणी कमावत नाही, सगळे समान. आणि रात्री अकराला मतदान घेऊन एकाला बाहेर काढतात. महिनोन्‌महिने सोबर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुन्या मापाने फेंटानिल घेतलं की माणूस जातो. तिथे लोकशाही कुणाच्या कामाची?”

“आणि उरलेल्या सातजणांचं काय? शेजारच्या खोलीत पुडी आली की त्यातले दोघं तरी पहाटेपर्यंत टिकणार नाहीत. मी तो नियम मोडा म्हणणार नाही.”

“मग तो एकटा मरू दे?”

“तसं मी म्हटलं नाही.” तिचा आवाज चढला. “2023 च्या मे महिन्यात राज्याने खोट्या बिलांच्या संशयावरून शंभरावर संस्थांचे पैसे थांबवले तेव्हा काय झालं? घरं पटापट बंद झाली, आणि ज्यांच्यासाठी ही कारवाई, तेच फीनिक्सच्या उन्हात रस्त्यावर. नावाहो राष्ट्राला आपली माणसं शोधायला स्वतःचे लोक पाठवावे लागले. घराने काढलं काय नि सरकारने काढलं काय, बाहेर पडणाऱ्याला त्या रात्री जागा हवी. परवान्यावर खर्च होणारा पैसा तिथे लाव. प्रत्येक जिल्ह्यात काही खाटा, ओव्हरडोस उतरवणारं नालोक्सोन आणि रात्री फोन उचलणारं माणूस.”

“त्या खाटेवरही नियम लागतील, मावशी. ती सरकारी जागा असेल.”

“लाव की. तिथे हवे तेवढे लाव.”

“आणि ज्याने बाहेर काढलं त्या घरावर एवढी तरी सक्ती करू का, की तिथे फोन केल्याशिवाय दार लावायचं नाही?”

तिने लगेच होकार दिला नाही. त्या सातजणांना आधी विचारायला हवं, म्हणाली.