चव घेणारे आणि पिणारे

बेंगळुरूहून परतताना बसमध्ये मी एक काम केलं. व्हॉट्सॲपचा स्टेटस कोणाला दिसू नये, त्या यादीत आई, मामी आणि गावाकडची चार-पाच मंडळी टाकली. मग फोटो चढवला. एक लाकडी फळी, तिला सहा खाचा, खाचांमध्ये सहा छोटे ग्लास. फिक्या पिवळ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत रंग लावून ठेवलेले. खाली लिहिलं, ‘टेस्टिंग’. ‘पीत बसलोय’ असं मी लिहिणं शक्यच नव्हतं, कारण माझ्या मते मी पीत बसलोच नव्हतो. मी चव घेत होतो.

पुण्यात पोचेपर्यंत बऱ्याच जणांनी तो पाहिला. आगीच्या इमोजी आल्या, ‘नेक्स्ट टाइम आम्हालाही ने’ आलं. आणि मला सारखं वाटत राहिलं की जी गोष्ट इतक्या लोकांना अभिमानाने दाखवतोय, ती दोन बायकांपासून लपवण्याची गरज मला का पडली?

तर आधी ट्रिपबद्दल. माझा कॉलेजचा रूममेट बेंगळुरूला असतो. त्याला ‘बीअर ट्रेल’ करायची होती, म्हणजे दोन दिवसांत चार ब्रुअऱ्या. खरं तर पुण्यातही २००९ पासून, डूलाली सुरू झाल्यापासून, ताजी बीअर मिळते. पण बेंगळुरूची गोष्ट वेगळी. इंदिरानगरच्या १०० फुटी रस्त्यावर संध्याकाळी चालत गेलात तर कळतं. २०१० मध्ये तिथे टॉइट आलं, आणि आज त्या शहरात मायक्रोब्रुअरी ही उडुपी हॉटेलाइतकी नाही, पण त्या मार्गावर असलेली संस्था आहे. नाचणीची बीअर, आंब्याच्या सिझनमध्ये आंब्याची, बासमती तांदळाची. काचेपलीकडे तांब्याच्या-स्टीलच्या टाक्या दिसतात. देवळात गाभारा दिसावा तशा त्या मुद्दाम दिसतील अशा ठेवलेल्या असतात.

ज्या ब्रुअरीत आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो, तिथल्या फळीवर होत्या: तांदळाची ब्लाँड, गव्हाची हेफेवायझेन, धणे आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन विट, कॉफीची स्टाउट, आयपीए आणि बेल्जियन ट्रिपल. प्रत्येक ग्लास १०० मिलिलिटरचा. आणून देणाऱ्या मुलाने सांगितलं, डावीकडून उजवीकडे जा, नाहीतर कडू चाखल्यावर हलक्या बीअरची चव कळणार नाही.

गव्हाच्या बीअरला पिकलेल्या केळ्याचा वास येत होता आणि मागून लवंगेचा. मी विचारलं, केळं घालता का? तो हसला. ना केळं, ना लवंग. हे सगळं यीस्टचं काम. मी तिथेच बसून वाचलं. त्या जातीचं यीस्ट आंबवताना आयसोअमिल ॲसिटेट नावाचं रसायन तयार करतं. पिकत्या केळ्याचा ओळखीचा वास मुख्यतः त्याचाच, आणि केळ्याच्या गोळीतही तेच असतं. लवंगेसारखा वास ४-व्हायनिल ग्वायकॉलचा. मला हे फार आवडलं. आपण काहीतरी कल्पनेने बोलतोय असं वाटत असताना ते खरोखर ग्लासात असतं. पुढचा तासभर आम्ही पाच जण शाळकरी मुलांसारखे ग्लास हुंगत होतो. कोणी म्हणालं आयपीएला पपनसाच्या सालीचा वास आहे, कोणी म्हणालं ओल्या गवताचा. इतक्या लक्षपूर्वक मी त्या आठवड्यात काहीच केलं नव्हतं. जेवण तर नाहीच. ते लॅपटॉपसमोर होतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. डेव्हिड ह्यूमने १७५७ साली रुचीवर निबंध लिहिला, त्यात ती येते. त्याने ती ‘डॉन किहोटे’मधून घेतली. सांचो पांझाच्या दोन नातेवाइकांना एका पिंपातली वाइन चाखायला बोलावतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, उत्तम आहे, पण लोखंडाची लागते. लोक दोघांची टर उडवतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली निघते, चामड्याच्या वादीला बांधलेली.

ह्यूमला म्हणायचंय ते साधं आहे. बारीक चव ही थाप नसते, ती ज्या गोष्टीची असते ती गोष्ट पिंपात असते. आमचं केळं म्हणजे तीच किल्ली. म्हणून ‘हे सगळं श्रीमंतांचं ढोंग आहे’ असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. ते ढोंग नव्हतं.

मग अडलं कुठे? ती किल्ली मामालाही सापडायची.

माझं आजोळ चंद्रपूर जिल्ह्यात आहे. मामा कोळशाच्या खाणीत कंत्राटावर कामाला होता. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात. बायका-मुलं ती वेचतात, अंगणात वाळवतात, आणि मग त्यांचं जे काही व्हायचं ते होतं. लाडू होतात, भाकरीत पडतात, आणि दारू गळते. मामा ग्लास नाकाजवळ नेऊन सांगायचा की फुलं वाळताना पावसात भिजली होती की नाही. कोणत्या टोल्यावरच्या हातची आहे तेही सांगायचा, आणि बहुतेकदा बरोबर असायचं. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द आपण आता कवितेबद्दल, भांडणाबद्दल, कशाबद्दलही वापरतो. तो मुळात अशाच कोणाच्या तरी जिभेवरून आलेला शब्द आहे. म्हणजे शब्दसंपत्ती होती, जाण होती, हुंगणं होतं. लाकडी फळी तेवढी नव्हती.

आणि मामाबद्दल घरात कोणी कधीच ‘चव घेतो’ म्हटलं नाही. मामा ‘पेऊन यायचा’.

पुण्यात आल्यावर मी हिशोब केला. सवयच आहे. सहा ग्लास, प्रत्येकी १०० मिली, फळ्यावर लिहिलेली टक्केवारी ४.५, ५, ५, ५.५, ६.५ आणि ७.५. बेरीज ३४, म्हणजे ३४ मिली शुद्ध अल्कोहोल. त्यावर मला आवडलेल्या आयपीएचे दोन मोठे ग्लास, ५०० मिलीचे. त्याचे ६५. एकूण ९९. मोहाची नसेल तेव्हा मामाचं रोजचं माप असायचं देशीचा एक पव्वा. १८० मिली, ४२.८ टक्के. ७७ मिली.

मी आकडे दोनदा तपासले. चव घेणाऱ्या भाच्याने पिणाऱ्या मामापेक्षा सव्वापटीहून जास्त घेतली होती. हां, मी पाच तासांत घेतली, सोबत खाल्लं भरपूर, आणि हे रोज करत नाही. मामा रोज, उपाशीपोटी, अर्ध्या तासात. हा फरक खरा आहे आणि लिव्हरला तो कळतो. पण त्या फरकाचा केळ्याशी आणि लवंगेशी काही संबंध नाही. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. त्या वाक्यात ‘क्राफ्ट असेल तर सोडून’ असा अपवाद नाही.

आपला कायदाही या बाबतीत मजेशीर आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आता महाराष्ट्राच्या नावाने. कागदोपत्री, परवान्याशिवाय पिणारा प्रत्येक जण गुन्हेगार. आणि परवाना कशासाठी? आरोग्याच्या जतनासाठी. त्यात पुन्हा दारूच्या जाती: देशी, हातभट्टी, आणि भारतात बनलेली विदेशी. ही शेवटची संज्ञा ज्याने घडवली त्याला माझा नमस्कार. म्हणजे कोणाची दारू कोणत्या पायरीवर बसते हे ठरवण्याचं काम इन्स्टाग्रामने सुरू केलेलं नाही.

एप्रिल २०१५ मध्ये चंद्रपुरात दारूबंदी झाली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून होती, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. चंद्रपूरची बंदी आली ती बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढल्यामुळे. त्या बायकांमध्ये माझी मामी होती, आणि आईही दोनदा गेली होती. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो, आणि मला हे सगळं जुनाट वाटायचं. पुढे इंजिनिअरिंगला असताना मी जॉन स्टुअर्ट मिलचं ‘ऑन लिबर्टी’ वाचलं, १८५९ चं. त्यात तो दारूबंदीच्या मागणीवर सरळ हल्ला करतो. माझ्या आयुष्याचं मी बघेन, मध्ये तू कोण. मला तर युक्तिवादाची बंदूकच सापडली. सुट्टीत घरी येऊन मी ती मामीवर चालवलीसुद्धा.

बंदी फसली, हे मला आजही वाटतं. मामा नदी ओलांडून यवतमाळच्या बाजूला जायचा, किंवा दुप्पट पैसे देऊन कुठली तरी प्यायचा. २०२१ मध्ये सरकारने बंदी उठवली तेव्हा अवैध विक्रीचंच कारण दिलं. पण मामा त्याआधीच गेला होता, २०१८ मध्ये, लिव्हरने.

मिलचं ते पुस्तक मी परवा पुन्हा काढलं. तेव्हा मी एक भाग सोयीस्करपणे ओलांडून गेलो होतो. मिल म्हणतो, पिणारा माणूस कर्ज फेडू शकला नाही, घरच्यांना पोसू शकला नाही, तर तो दोषीच. दोष पिण्याचा नाही, कर्तव्य मोडल्याचा. वाचताना पटतं. मग मी ते स्वतःला लावून पाहिलं. त्या दोन दिवसांत माझ्या वाट्याला साडेपाच हजार आले. माझं कोणतंही कर्तव्य मोडलं नाही, कारण साडेपाच हजार गेल्याने माझ्या घरात काहीच हललं नाही. मामाचे ऐंशी रुपये गेले की तेल यायचं नाही. म्हणजे मिलच्या मापाने मी निर्दोष आणि मामा दोषी, आणि आमच्यातला फरक आहे पगार. माझा संयम नाही, माझी नाचणी-आंब्याची जाण नाही. मला हा निकाल चुकीचा वाटत नाही. तेल खरोखर येत नव्हतं, आणि मामीची बांगडी खरोखर गहाण पडली. पण त्यातला माझा जो निर्दोषपणा आहे तो मी कमावलेला नाही, तो मला पगारासोबत मिळाला आहे. आणि मी मात्र तो माझ्या चांगल्या रुचीच्या खात्यावर लिहीत होतो.

मला वाटतं ‘टेस्टिंग’ या शब्दाचं खरं काम हेच आहे. लक्ष देऊन चाखणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि त्या संध्याकाळी आम्ही ते केलं. पण पहिले सहा ग्लास संपल्यावर जे दोन मोठे आले, ते मी हुंगले नाहीत. ते मी गप्पा मारत रिचवले. फोटो त्यांचा नाही.

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोहाची दारूही आता देखण्या बाटलीत मिळते. उद्या कोणी १०० फुटी रस्त्यावर फळी लावेल आणि त्यात एक ग्लास मोहाचा असेल. तो मुलगा सांगेल, फुलं भिजलेली नाहीत, बघा. मी कदाचित टाळ्याही वाजवीन. आणि मला त्याचा राग येईल की आनंद होईल हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवाळीत आजोळी गेलो. मामी अंगणात मेथी निवडत होती. आई आत होती. स्टेटस लपवल्याचं मनात होतंच, म्हणून मी एकदम सांगून टाकलं, मी बेंगळुरूला गेलो होतो, बीअर प्यालो. ‘प्यालो’ हा शब्द मुद्दाम वापरला. मग तेवढ्यावर थांबवेना, म्हणून केळ्याच्या वासाचंही सांगितलं, की आत केळं नसतंच.

मामी ऐकत राहिली. म्हणाली, “तुया मामाले बी समजे. वास घेऊन सांगे, फुलं भिजली होती का नाई ते.”

मी म्हटलं, “हो, मला आठवतं.”

“किती जन होते तुमी?”

“पाच.”

“मंग रात्री तुमाले आनाले कोन गेलं?”

मी म्हटलं, “कोणी नाही, मामी. गाडी बोलावली मोबाईलवरून.”

ती “बरं” म्हणाली, आणि मेथीची एक जुडी माझ्यापुढे सरकवली.