पत्र्यातली भोके

दसऱ्याला आमच्या घरी पाटावर विळी, कात्री, माझे ब्रश आणि वडिलांचा जुना स्क्रूड्रायव्हर मांडून पूजा होते. संगणक पाटावर मावत नाही. त्याला जागच्या जागीच हळदकुंकू आणि झेंडूचे एक फूल मिळते. 2008 साली वडिलांनी आपल्या फंडाच्या पैशांतून तो मला घेऊन दिला. मी जेमतेम मॅट्रिक, शाळेत चित्रकला शिकवणारी. मी कादंबरी लिहिते आहे हे ऐकून नातेवाईक हसले होते. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी हे धूड रिक्षात घालून घेऊन आले. माझ्या तिन्ही कादंबऱ्या त्याच्यावर लिहून झाल्या. वडील गेल्यानंतरच्या दुसऱ्या दसऱ्याला, फूल वाहून बटण दाबले, तर तो सुरूच होईना.

दुरुस्तीला आला तो माझाच जुना विद्यार्थी. झाकण काढून म्हणाला, "बाई, मदरबोर्ड गेला. हे कॅपॅसिटर बघा कसे फुगलेत. असा बोर्ड आता मिळायचा नाही. दुसरा घालू, पण खोका बदलावा लागेल."

"खोका हाच राहील."

"नवा खोका दीड-दोन हजारांत येतो, बाई. माझी मजुरीच त्याहून जास्त होईल."

तो खरे बोलत होता. खोक्यात वडील बसलेले नाहीत एवढे मलाही कळते. तरीपण मी हट्ट सोडला नाही, आणि मग पुढचे दोन रविवार माझ्या ओसरीवर जे चालले ते पाहताना माझे लक्ष खोक्यावरून भलतीकडेच गेले.

मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे सगळे अवयव जिच्यावर जोडलेले असतात ती पाटी. ती खोक्यात कशी बसावी याचा एक सर्वमान्य आराखडा आहे. इंटेल कंपनीने 1995 साली तो पुढे मांडला. त्याला एटीएक्स म्हणतात. मोठी पाटी 305 गुणिले 244 मिलिमीटर, तिची धाकटी बहीण 244 मिलिमीटरची चौरस, स्क्रूची भोके ठरल्या जागी, विजेचा प्लग ठरलेला. एकाने केलेली पाटी दुसऱ्याच्या खोक्यात बिनतक्रार बसते. माझा खोका मात्र या बिरादरीतला नव्हता. नव्या पाटीची दोन भोके जुळेनात. मागचा पत्रा जुन्या पाटीच्या तोंडांपुरताच कापलेला. विजेचा प्लग वेगळा. समोरच्या बटणाच्या तारा एकाच ठोकळ्यात, स्वतःच्याच क्रमाने गुंफलेल्या. विकत घेतलेली वस्तू आपली, असे आपण समजतो. पण हा खोका पैसे मोजून आणल्यावरही मनाने आपल्या माहेरीच राहिला होता!

मी चिडले तेव्हा तो हसून म्हणाला, "हा बरा, बाई. हा तोंडावर नाही म्हणतो." आणि त्याने एका मोठ्या कंपनीची गोष्ट सांगितली. 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिने प्लग ठेवला सर्वांसारखाच, फक्त आतल्या तारांचा क्रम बदलला. प्लग दुसऱ्याच्या पाटीत गुमान बसे आणि बटण दाबताच पाटी जळण्याची पाळी येई. त्या रात्री मी बराच वेळ याचाच विचार करीत होते. दार बंद असणे ही एक गोष्ट. दार उघडे दिसून आत पायरी नसणे ही दुसरी. पहिल्याला मी स्वार्थ म्हणेन. दुसऱ्याला काय म्हणावे?

पण दुसऱ्याला शब्द शोधताना माझेच एक कपाट मला आठवले. काही वर्षांपूर्वी मी आजारपणात दोन महिने रजेवर होते. माझ्या जागी आलेल्या बाईंना शाळेच्या कपाटातले काही म्हणून सापडेना. कारण त्या मांडणीची किल्ली फक्त माझ्या डोक्यात होती. त्यांचे हाल झाले हे कळल्यावर मी वरवर हळहळले. आतून मला गोड वाटले होते. माझ्यावाचून अडले! त्या खोक्याचा आराखडा करणाऱ्याला याहून वेगळे काही वाटले असेल असे मला वाटत नाही.

दुसऱ्या रविवारी स्क्रू कमी पडले. वडिलांच्या हत्यारांच्या डब्यात शोधताना औषधाची एक बाटली सापडली, वर चिठ्ठी, त्यांच्या अक्षरात: "संगणक, जादा स्क्रू, 2008." त्यांची सगळी कागदपत्रे अशीच होती. ते गेले तेव्हा विम्यापासून विजेच्या बिलापर्यंत मला कुणालाही काही विचारावे लागले नाही. तेव्हा मला तो नुसता नीटनेटकेपणा वाटला होता.

बाकीचे काम पत्र्याचे होते. ग्राइंडरने मागची बाजू कापली, कडा कानशीने घासल्या. पाटीखाली नको तिथे येणारा एक छोटा पितळी खांब काढला. तो पाटीला टेकला असता तर शॉर्ट झाला असता. दोन भोके नवी पाडली. नवा वीजपुरवठ्याचा डबा बसेना म्हणून आणखी कापाकापी. बटणाच्या तारा मात्र मीटर लावून एकेक शोधाव्या लागल्या. बटण दाबून धरायचे आणि मीटर कुठे पीप करतो ते ऐकायचे. बटण दाबायचे काम माझ्याकडे होते.

संगणक सुरू झाला. तो झाकण लावू लागला, तेव्हा मी त्याला थांबवले आणि वर्गातला मार्कर आणला.

"सांग. कुठली तार कशाची?"

"कशाला, बाई? मी आहे की."

"सांग तू."

तो सांगत गेला, मी झाकणाच्या आतल्या बाजूला लिहीत गेले. अक्षर सवयीने फळ्यावरच्याएवढे मोठे आले. शेवटच्या दिव्याच्या तारेला जागाच उरली नाही, ती कडेला आडवी लिहिली.